दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना लायसीन-थ्रिओनिन कसं द्यायचं: आतडं सांभाळणारं खाद्य, टप्प्याटप्प्यानं

पिल्लांचं दूध तोडलं की आठवड्याच्या आत हगवण लागते. मग दुकानातून अमिनो आम्लांचा डबा येतो. तो पाण्यात ओतला जातो, नाहीतर गव्हाणीतल्या खाद्यावर भुरभुरला जातो. चार दिवसांनी हगवण तशीच असते आणि पावडर खोटी निघाली म्हणून बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा पावडर खरी असते, वापर चुकलेला असतो.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. लायसीन, मिथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन ही त्यातलीच, ती टॉनिकं नव्हेत. खाद्यातली सोयापेंड कमी करता यावी आणि तरीही पिल्लाच्या वाढीत खंड पडू नये, यासाठी ती वापरायची असतात. सोयापेंड होती तेवढीच ठेवून वरून पावडर टाकली, तर आतड्यावरचा भार जराही कमी होत नाही.

हा भार कसा येतो ते आधी नीट समजून घ्या, पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि जठर आंबट राहतं. दूध तुटलं की हे थांबतं. पिल्लाचं स्वतःचं जठराम्ल अजून पुरेसं सुटत नसतं, त्यामुळे प्रथिनं अर्धवट पचतात आणि तशीच मोठ्या आतड्यात जातात. तिथले जंतू ती कुजवतात, अमोनिया तयार होतो, आणि ई. कोलायसारख्या जंतूंना आयतं रान मिळतं. त्यातच आईपासून तुटलेलं पिल्लू एक-दोन दिवस नीट खात नाही. उपाशी आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर आखूड होत जातं, आणि जे पोटात जातं तेही अंगी लागत नाही.

हा लेख २८ ते ४२ दिवसांच्या दरम्यान दूध तोडलेल्या, साधारण ८ ते १५ किलो वजनाच्या लार्ज व्हाईट यॉर्कशायर किंवा संकरित पिल्लांसाठी आहे. गोव्याच्या अगोंदा गोवनसारख्या देशी जातीची वाढ सावकाश होते. त्यांना इतकं लायसीन लागत नाही, पण पद्धत तीच.

## टप्पा १: दूध तोडण्याआधी आणि तोडताना

१. जन्मानंतरच्या दहाव्या दिवसापासून पिल्लांसमोर थोडं थोडं कोरडं खाद्य ठेवा. मूठभरच ठेवा, पण दिवसातून तीन-चार वेळा ताजं ठेवा. आईला पोहोचता येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. पोट भरणं हा इथे हेतू नाही. खाद्याचा वास आणि चव ओळखीची व्हावी एवढ्यासाठीच हे करायचं.

२. हेच खाद्य दूध तोडल्यावर निदान एक आठवडा चालू ठेवा. दूध आणि खाद्य एकाच दिवशी बदलणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे.

३. दूध तोडताना पिल्लं हलवू नका, मादी हलवा. पिल्लं आपल्या ओळखीच्या जागेत राहू द्या. दोन वेतांची पिल्लं त्याच दिवशी एकत्र करू नका. लसीकरण, खच्चीकरण, वाहतूक यातलं काहीही त्या आठवड्यात ठेवू नका.

४. प्रत्येक पिल्लाचं वजन करा आणि लिहून ठेवा. सहा किलोच्या आतली पिल्लं वेगळी काढा. त्यांना पातळ खाद्य आणि जास्त ऊब लागणार आहे.

५. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या झोपण्याच्या जागी २८ ते ३० अंश तापमान हवं. पुढे दर आठवड्याला दोन अंश कमी करत न्या. डिसेंबरच्या रात्री विदर्भात किंवा पुण्याच्या आसपास हे आपोआप मिळत नाही. बल्ब, गोणपाटाचे पडदे आणि कोरडा पेंढा लागतो. कोकणात पावसाळ्यात गारठ्यापेक्षा ओली जमीन जास्त त्रास देते.

तपासा: रात्री दहानंतर एकदा गोठ्यात जा. पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. अशा पिल्लांना कोणतंही अमिनो आम्ल दिलं तरी हगवण लागणारच.

## टप्पा २: कच्चा माल तपासणं

याला सर्वात जास्त वेळ द्या. माल खराब असेल तर पुढचा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

मका. खरिपाचा मका परतीच्या पावसात सापडलेला असेल तर त्यात बुरशी असण्याची दाट शक्यता असते. ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको. दाणा फोडून पाहा. कोंबाजवळ काळसर किंवा हिरवट झाक दिसली, कुबट वास आला, तर तो मका पिल्लांना घालू नका. बुरशीचं विष शोषून घेणारी पावडर टाकली म्हणून असा मका चालेल, असं समजू नका. भरडताना अडीच ते तीन मिलिमीटरची जाळी वापरा. अगदी पीठ केलं तर जठराला जखमा होतात, आणि धुळीमुळे पिल्लं तोंड लावत नाहीत.

सोयापेंड (डीओसी). चांगली डीओसी फिकट पिवळसर, भाजल्या शेंगदाण्याच्या जवळपास जाणाऱ्या वासाची असते. तपकिरी, करपट वासाची असेल तर जास्त भाजली गेली आहे. तिच्यातलं लायसीन साखरेशी बांधलं गेलेलं असतं, ते पिल्लाला मिळत नाही. पांढुरकी, चावल्यावर कच्च्या शेंगेसारखी लागणारी डीओसी कमी भाजलेली असते. तिच्यात प्रथिनं पचू न देणारे घटक शिल्लक असतात. घरचं सोयाबीन कच्चं भरडून घालणं या वयात सरळ धोक्याचं आहे. घरच्या कढईत भाजलेलंही नको, कारण ते सारखं भाजलं जात नाही.

डीओसीत युरियाची भेसळ होते. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून प्रथिनं काढतात, त्यामुळे युरिया टाकला की कागदावर प्रथिनं वाढतात, पण डुकराला युरिया वापरता येत नाही. घरी पाहायचं तर मूठभर डीओसी झाकणाच्या बाटलीत घ्या, त्यात कच्चं सोयाबीन वाटून एक चमचा टाका, भिजेल एवढं कोमट पाणी घाला आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण उघडून वास घ्या. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर युरिया आहे. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. तुलनेसाठी भेसळ नसलेल्या जुन्या डीओसीची दुसरी बाटली शेजारी ठेवा.

मासळीचं कूट. पेलाभर पाण्यात दोन चमचे ढवळा आणि तळाशी किती वाळू बसते ते पाहा. मीठ जास्त असेल आणि त्या दिवशी पाण्याची नळी तुंबली, तर पिल्लं झटके येऊन मरतात. म्हणून मिठाची चाचणी प्रयोगशाळेतूनच करून घ्या. भरवशाचं कूट मिळत नसेल तर ते सोडून द्या आणि हिशेब नव्यानं करा. वाईट कुटापेक्षा कूट नसलेलं बरं.

व्हे पावडर, म्हणजे पनीर-चीज करताना उरलेल्या निवळीची पावडर. दुधातली साखर मिळवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग, कारण या वयाचं पिल्लू ती अजून चांगली पचवतं. गुठळ्या झालेली, तपकिरी पडलेली पावडर परत करा.

अमिनो आम्लांच्या पावडरी. पिशवीवरचं नाव पूर्ण वाचा. एल-लायसीन हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के लायसीन असतं. लायसीन सल्फेट म्हणून जे मिळतं, त्यात सुमारे ५५ टक्केच असतं. दोन्हींना बाजारात नुसतं 'लायसीन' म्हणतात. हायड्रोक्लोराइडचं माप सल्फेटला लावलं तर पावडरीतून मिळणारं लायसीन जवळपास तीस टक्क्यांनी कमी पडतं, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. डीएल-मिथिओनिन, एल-थ्रिओनिन आणि एल-ट्रिप्टोफॅन ९८-९९ टक्के शुद्ध मिळतात. त्यांची काळजी कमी.

सावधान: ज्या बाटलीवर कोणतं अमिनो आम्ल किती ग्रॅम आहे हे लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. तिचा हिशेबच करता येत नाही.

पावसाळ्यात लायसीनची उघडी पिशवी ओलावा ओढून दगड होते. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा.

## टप्पा ३: आधी सोयापेंड कमी, मग पावडरीचा हिशेब

क्रम उलटा करू नका. आधी प्रथिनं किती ठेवायची ते ठरवा. मग त्यात किती लायसीन येतं ते काढा. जेवढं कमी पडेल तेवढीच पावडर.

पारंपरिक पद्धतीत या वयाला २१-२२ टक्के प्रथिनांचं खाद्य देतात. हगवणीचा त्रास असलेल्या गोठ्यात ते १७.५ ते १८ टक्क्यांवर आणा. खाली १०० किलोचा एक नमुना दिला आहे:

- मक्याचा भरडा: ५९.२ किलो
- सोया डीओसी: २० किलो
- व्हे पावडर: ८ किलो
- मासळीचं कूट: ४ किलो
- गव्हाचा कोंडा: ३ किलो
- सोयाबीन तेल: २ किलो
- डायकॅल्शियम फॉस्फेट: १.२ किलो
- चुनखडी: ३५० ग्रॅम
- मीठ: २५० ग्रॅम
- जीवनसत्त्वं व खनिजांचं मिश्रण: ५०० ग्रॅम (तुमच्या मिश्रणाच्या लेबलवर वेगळं माप असेल तर तेच पाळा)
- सेंद्रिय आम्लांचं मिश्रण: ५०० ग्रॅम
- अमिनो आम्लं: एकूण ९९० ग्रॅम

अमिनो आम्लांच्या या ९९० ग्रॅमची फोड अशी करायची. लायसीनपासून सुरुवात, कारण मका-सोयाच्या खाद्यात सर्वात आधी तेच कमी पडतं.

मक्यात ०.२५ टक्के लायसीन असतं, म्हणजे ५९.२ किलोतून १४८ ग्रॅम. डीओसीत २.८ टक्के, म्हणजे २० किलोतून ५६० ग्रॅम. व्हे पावडरमधून ७२ ग्रॅम, मासळीच्या कुटातून (४.२ टक्के धरून) १६८ ग्रॅम, कोंड्यातून १८ ग्रॅम. बेरीज ९६६ ग्रॅम. आपल्याला १०० किलोत १,३५० ग्रॅम हवं. तूट ३८४ ग्रॅमची. हायड्रोक्लोराइडमध्ये ७८ टक्के लायसीन आहे, म्हणून ३८४ भागिले ०.७८, म्हणजे सुमारे ४९० ग्रॅम पावडर. हाती सल्फेट असेल तर ३८४ भागिले ०.५५, म्हणजे जवळपास ७०० ग्रॅम. त्या २०० ग्रॅमच्या फरकाएवढा मका कमी करा.

बाकीची अमिनो आम्लं लायसीनच्या प्रमाणात मोजायची. लायसीन १०० धरलं तर मिथिओनिन आणि सिस्टिन मिळून ५८, थ्रिओनिन ६५, ट्रिप्टोफॅन २०, व्हॅलिन ६७. वरच्याच रीतीनं कच्च्या मालातून येणारं वजा केलं की या नमुन्यात डीएल-मिथिओनिन १८० ग्रॅम, एल-थ्रिओनिन १९० ग्रॅम, एल-ट्रिप्टोफॅन ७० ग्रॅम आणि एल-व्हॅलिन ६० ग्रॅम लागतं.

इथे होणाऱ्या चुका:

*फक्त लायसीन घालणं.* लायसीन स्वस्त आणि ओळखीचं, म्हणून तेवढंच टाकलं जातं. डीओसी कमी केली की थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅनही कमी होतात. त्यांची तूट तशीच राहिली तर जास्तीचं लायसीन वाया जातं आणि पिल्लू खाणं कमी करतं.

*'एकूण' आणि 'पचनीय' आकडे मिसळणं.* पचनीय म्हणजे एकूणपैकी पिल्लाच्या आतड्यात खरोखर पचून शोषलं जाणारं. वरचा हिशेब एकूण लायसीनचा आहे. त्यातलं पचनीय लायसीन सुमारे १.२ टक्के भरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या (एनआरसी) २०१२ च्या तक्त्यात ७ ते ११ किलोच्या पिल्लाला १.३५ टक्के आणि ११ ते २५ किलोच्या पिल्लाला १.२३ टक्के लायसीन दिलं आहे, ते पचनीय आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मी मुद्दाम त्याच्या खाली राहतो. त्या काळात दिवसाला चार-पाच तोळे जास्त वाढ मिळवण्यापेक्षा आतडं शाबूत ठेवणं महत्त्वाचं. तुम्ही कोणताही तक्ता घ्या, पण गरज आणि पुरवठा दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे घ्या.

*प्रथिनं आणखी खाली ओढणं.* १६ टक्क्यांच्या खाली गेलात की आयसोल्युसिन, हिस्टिडिन यांसारखी पुढची अमिनो आम्लं कमी पडू लागतात, आणि त्या पावडरी सहज मिळत नाहीत. मिळाल्या तरी परवडत नाहीत.

*चुनखडी जास्त घालणं.* चुनखडी जठरातलं आम्ल मारते. एकीकडे सेंद्रिय आम्लं विकत आणायची आणि दुसरीकडे किलोभर चुनखडी टाकायची, यात दोन्हींचे पैसे बुडतात. कॅल्शियम ०.७ टक्क्याच्या आसपास पुरे.

## टप्पा ४: तोलणं आणि मिसळणं

१०० किलोत ७० ग्रॅम ट्रिप्टोफॅन सगळीकडे सारखं पोहोचवायचं आहे. थेट ढिगावर ओतून ते होत नाही.

१. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. टांगायच्या काट्यावर या पावडरी तोलू नका. प्रत्येक पावडर वेगळ्या पिशवीत तोला, पिशवीवर नाव लिहा आणि पाचही पिशव्या ओळीत मांडल्याशिवाय मिसळायला सुरुवात करू नका.

२. गुठळ्या असतील तर चाळून घ्या.

३. दोन किलो बारीक भरड्यात पाचही अमिनो आम्लं, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण, मीठ आणि सेंद्रिय आम्लं नीट कालवा.

४. त्यात आणखी आठ किलो भरडा घालून पुन्हा कालवा. आता सुमारे बारा किलोचं पूर्वमिश्रण तयार झालं.

५. ताडपत्रीवर उरलेल्या मक्याचा थर, त्यावर डीओसी, मग पूर्वमिश्रण, मग व्हे, कूट, कोंडा, डायकॅल्शियम आणि चुनखडी असे थर द्या. फावड्यानं सगळा ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी न्या. असं निदान सहा वेळा करा. मिक्सर असेल तर त्यात क्रम हाच ठेवा.

६. तेल सर्वात शेवटी, शिंपडत शिंपडत घाला. आधी घातलं तर पावडरी तेलाच्या गोळ्यांना चिकटून बसतात.

तपासा: तुमची मिसळण्याची पद्धत पुरेशी आहे का, हे एकदा तरी पाहा. पूर्वमिश्रणात २०० ग्रॅम अख्खी नाचणी टाका. मिसळून झाल्यावर ढिगाच्या पाच वेगवेगळ्या जागांहून १००-१०० ग्रॅम खाद्य घ्या आणि त्यातले नाचणीचे दाणे मोजा. प्रत्येक नमुन्यात ७० च्या आसपास दाणे हवेत. एकात ४० आणि दुसऱ्यात ११० निघाले, तर फावडं अजून चालवायला हवं.

तयार खाद्य उन्हाळ्या-हिवाळ्यात तीन आठवड्यांच्या आत आणि पावसाळ्यात दहा-बारा दिवसांत संपेल एवढंच करा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा.

## टप्पा ५: पहिले सात दिवस कसं खाऊ घालायचं

पाणी आधी पाहा. दहा पिल्लांमागे एक निपल हवं, पिल्लाच्या खांद्याच्या उंचीवर. एक लिटरची बाटली निपलखाली धरा, ती दीड ते दोन मिनिटांत भरली पाहिजे. पहिल्या दिवशी निपल थोडं गळतं ठेवा म्हणजे पिल्लांना पाणी कुठे आहे ते कळतं. पाणी कमी पडलं की पिल्लू आधी खाणं सोडतं.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक पिल्लाचं पोट हातानं चाचपा. बरगड्यांमागची कूस आत गेलेली, पोकळ लागली, तर त्या पिल्लानं काहीच खाल्लेलं नाही. काही पिल्लं दोन-दोन दिवस गव्हाणीला तोंड लावत नाहीत, आणि पुढे हगवण त्यांनाच आधी लागते. अशा पिल्लांना एक भाग खाद्य आणि दोन भाग कोमट पाणी असं पातळ करून उथळ ताटलीत द्या. दोन तासांत संपलं नाही तर फेकून ताटली धुवा.

थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. पावडरीतलं लायसीन मोकळं असतं, ते आतड्यातून लगेच शोषलं जातं. मका-सोयातली अमिनो आम्लं प्रथिनं पचल्यावर, उशिरा रक्तात येतात. दिवसातून एकदाच मोठं जेवण दिलं तर दोन्हींची वेळ जुळत नाही, आणि आधी आलेलं लायसीन मांस बनायच्या ऐवजी जळून जातं. एकवेळ खाऊ घालणाऱ्या गोठ्यात पावडर वापरून फरक दिसत नाही, त्याचं हे मोठं कारण आहे. गव्हाणीत सतत खाद्य असेल तर हा प्रश्न येत नाही.

शिजवू नका, आंबवू नका. शिजवलेल्या गरम खाद्यात लायसीन टाकलं की उष्णतेत ते साखरेशी बांधलं जातं. रात्रभर भिजवून आंबवलेल्या खाद्यात जंतूच मोकळं लायसीन खाऊन टाकतात. भिजवून द्यायचंच असेल तर पावडर घातलेलं खाद्य देण्याच्या वेळीच भिजवा.

हॉटेलचं उरलेलं अन्न या वयात अजिबात नको. त्यातलं तेल, मीठ आणि न पचणारी प्रथिनं आपण केलेला सगळा हिशेब मोडतात, आणि न उकळलेल्या अन्नातून आफ्रिकन स्वाइन फीवर येण्याचा धोका वेगळाच. २०२० मध्ये तो ईशान्य भारतात शिरला, तेव्हापासून हा धोका प्रत्येक वराहपालकाच्या दाराशी आहे.

पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास खात असेल तर गाडी रुळावर आहे.

## टप्पा ६: आतड्यासाठी खास काय, आणि किती

थ्रिओनिनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आतड्याच्या आतून चिकट द्रवाचा जो थर असतो, तो बनवायला थ्रिओनिन मोठ्या प्रमाणात लागतं. खाल्लेल्या थ्रिओनिनचा मोठा वाटा आतडं स्वतःसाठीच ठेवून घेतं. हगवण चालू असताना तो थर वाहून जातो आणि गरज आणखी वाढते. म्हणून अस्वच्छ, दाटीवाटीच्या गोठ्यात थ्रिओनिनचं प्रमाण लायसीनच्या ६५ वरून ६८ पर्यंत नेणं योग्य ठरतं. वरच्या नमुन्यात १९० ग्रॅमच्या जागी २३० ग्रॅम.

ट्रिप्टोफॅन भुकेशी जोडलेलं आहे, मिथिओनिन-सिस्टिन पेशींच्या संरक्षणाशी. दोन्हींचं प्रमाण राखलं की पुरे.

ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचं इंधन. पहिले दोन आठवडे खाद्यात १ टक्का ग्लुटामिन दिल्यानं आतड्याचं अस्तर आखूड होणं कमी होतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. पण ते महाग आहे. सरसकट सगळ्यांना देऊ नका, वेगळ्या काढलेल्या हलक्या पिल्लांपुरतं ठेवा. आणि पाणी, ऊब, मिसळणं हे तिन्ही जागेवर नसतील तर त्यावर एक रुपयाही घालू नका.

## टप्पा ७: तरीही हगवण लागली तर

१. आधी वय आणि रूप पाहा. दूध तोडल्यावर तिसऱ्या ते सातव्या दिवशी लागलेली पिवळसर, पाणीदार हगवण या लेखातल्या कारणांची असू शकते. रक्त, मोठा ताप, कातडीवर लाल-जांभळे चट्टे किंवा एकदम मरतुक दिसली तर खाद्याचा विचार बाजूला ठेवा. पिल्लं, माणसं, भांडी यांची ये-जा थांबवा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.

२. साध्या हगवणीत पहिलं काम पाणी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून उथळ भांड्यात ठेवा. साधं पाणीही शेजारी असू द्या. ओआरएसचं उरलेलं पाणी दिवसातून दोनदा बदला.

३. खाद्य पूर्ण बंद करू नका, उपाशी आतडं लवकर भरून येत नाही. प्रत्येक वेळचं प्रमाण निम्मं करा आणि वेळा वाढवा.

४. त्या दिवशी पाण्यात अमिनो आम्लं ओतू नका. आजारी पिल्लं ते पाणी कमी पितात, आणि गोडसर पाण्यात जंतू वाढतात.

५. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच, आणि जमेल तिथे विष्ठेची तपासणी करून. अन्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वापर भारतात २०१९ पासून बंद आहे. दुकानात जुना डबा दिसला तरी घेऊ नका. २,५०० ते ३,००० पीपीएमचं (किलोभर खाद्यात तेवढे मिलिग्रॅम) झिंक ऑक्साइड हगवण थांबवतं हे खरं, पण जस्त पचत नाही, ते शेणातून जमिनीत साठत जातं. याच कारणानं युरोपीय संघानं जून २०२२ पासून औषधी मात्रेतला हा वापर बंद केला. पशुवैद्यकानं सांगितलं तरच, आणि चौदा दिवसांच्या वर कधीही नाही.

तपासा: हगवण एकाच कोपऱ्यातल्या पिल्लांना आहे की सगळ्यांना? एका कोपऱ्यात असेल तर तिथलं निपल, वाऱ्याची झुळूक आणि ओल पाहा. सगळ्यांना एकदम लागली असेल तर नवं पोतं उघडलं होतं का ते पाहा.

## टप्पा ८: वजन, आणि पुढच्या खाद्यावर जाणं

सातव्या आणि चौदाव्या दिवशी तीच पिल्लं, त्याच वेळी, खाण्याआधी तोला. पहिल्या आठवड्यात वजन घटलेलं नको. दुसऱ्या आठवड्यात वाढ स्पष्ट दिसायला हवी. हगवण नाही पण वाढही नाही, असं असेल तर अमिनो आम्लांचा हिशेब पुन्हा करा. बहुधा लायसीनचा प्रकार चुकलेला असतो किंवा डीओसी जास्त भाजलेली असते. वाढ चांगली पण विष्ठा सैल, असं असेल तर डीओसी आणखी एक-दोन किलो कमी करून त्या प्रमाणात पावडर वाढवा.

पिल्लं १५ किलोची झाली की व्हे पावडर आणि मासळीचं कूट काढता येतं आणि डीओसी हळूहळू वाढवता येते. एवढ्यात आतडं सोयाला सरावलेलं असतं. बदल चार दिवसांत करा: पहिल्या दिवशी नवं खाद्य एक चतुर्थांश, दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी तीन चतुर्थांश, चौथ्या दिवशी पूर्ण. या चार दिवसांत विष्ठा सैल झाली तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबा, मगच पुढे जा. नव्या खाद्यात व्हे आणि कुटातून येणारं लायसीन नसेल, म्हणून टप्पा ३ मधला हिशेब त्या मालासाठी पुन्हा मांडा. जुनं माप तसंच चालवू नका.